सरकार नावाचा शेजारी : व्हिक्टोरियातले डिंगो, मेंढ्या आणि तीन किलोमीटरची पट्टी

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाला व्हिक्टोरिया हे राज्य आहे. त्याच्या पूर्व भागात डोंगरांच्या कुशीत ओमिओ, बेनाम्ब्रा, स्विफ्ट्स क्रीक, एन्से, कॉरियाँग अशी छोटी गावं आहेत. दरीच्या तळाशी मेंढ्यांची आणि गुरांची कुरणं, आणि चढण लागली की निलगिरीचं दाट रान. कुरण खासगी, रान सरकारी, मध्ये तारेचं कुंपण. काही शेतांना तर तीन बाजूंनी सरकारी रान लागून आहे. राज्याची साधारण एक तृतीयांश जमीन सरकारी असल्यामुळे हा बांध दोन-चार शेतांचा उरत नाही. तो दरीदरीतून नागमोडी फिरत गेलेला आहे.

रात्री त्या तारेखालून जो प्राणी आत येतो, त्याला शेतकरी ‘वाइल्ड डॉग’ म्हणतात, म्हणजे रानटी कुत्रा. प्राणिशास्त्राचा अभ्यास करणारे त्यालाच डिंगो म्हणतात. कायद्याने बराच काळ ही दोन्ही नावं एकाच वेळी वापरली. पुढचा सगळा गुंता तिथून सुरू होतो.

हल्ल्यानंतरची सकाळ कशी असते, हे आधी सांगायला हवं, कारण शहरात बसून या विषयावर बोलणारे नेमकी तीच पायरी गाळतात. रानटी कुत्र्याला एका रात्रीत एकच मेंढी खायची असते, पण घाबरून सैरावैरा धावणारा कळप समोर असला की तो एकीवर थांबत नाही. मागच्या पायांवर, फऱ्यावर, पोटाकडे चावे बसतात. पुष्कळ मेंढ्या जागीच मरत नाहीत. सकाळी मालक कुरणात जातो तेव्हा त्या उभ्या असतात, मांस लोंबत असतं, आतडं बाहेर आलेलं असतं. त्यांना गोळी घालण्याचं काम त्यालाच करावं लागतं. कोकरांच्या हंगामात हे वारंवार होऊ लागलं की माणूस रात्री झोपत नाही. गाडी घेऊन बांधावर बसून राहतो. मेलेल्या मेंढीची किंमत मांडता येते. गाभण मेंढ्या घाबरून पिल्लं टाकतात, कळप त्या कोपऱ्यात चरायला जाईनासा होतो, घरातलं माणूस चिडचिडं होतं, हे कुठल्याच हिशेबात येत नाही. कित्येकांनी म्हणून मेंढ्या विकून गुरं धरली. कालवडी-वासरांवरही हल्ले होतात, पण मोठं जनावर स्वतःला थोडंफार सांभाळतं.

या प्रकरणाबद्दल माझं मत आधीच मांडते, म्हणजे वाचणाऱ्याला माझा कल कळेल. वाद वरवर ‘डिंगो मारायचा की वाचवायचा’ असा दिसतो. मला तो मुळात बांधाचा वाद वाटतो. दोन शेतकऱ्यांच्या मधला बांध सामाईक असतो आणि कुंपणाचा खर्च दोघं वाटून घेतात. व्हिक्टोरियात खासगी शेजाऱ्यांसाठी १९६८ चा कुंपण कायदा हेच सांगतो. पण शेजारी जर सरकार असेल, म्हणजे पलीकडे राष्ट्रीय उद्यान किंवा सरकारी वन असेल, तर त्या कुंपणाचा अर्धा वाटा देण्याचं बंधन सरकारवर येत नाही. सगळ्यात मोठा शेजारी बांधाच्या खर्चातून मोकळा! मग त्या शेजाऱ्याने आपलं देणं दुसऱ्या रूपात फेडलं: विषारी आमिषं, सापळे आणि पगारी माणसं. कुंपणाच्या ऐवजी मारणं. आता मारणं कमी करायचं ठरतंय, पण बांधाचं देणं मात्र तसंच राहिलंय.

एक प्राणी, दोन कायदे

डिंगो ऑस्ट्रेलियात किमान ३,००० वर्षांपासून आहे. माणसांच्या होड्यांमधून तो आला असणार, कारण समुद्र ओलांडून येण्याचा दुसरा मार्ग नव्हता. टास्मानिया तोपर्यंत पाण्याने तुटून वेगळं झालं होतं, म्हणून तिथे तो कधीच पोचला नाही. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत आली आणि तिच्याबरोबर मेंढ्या आल्या, पाळीव कुत्रीही आली. पाळीव कुत्री रानात पळाली, डिंगोंशी त्यांचा संकर झाला, आणि पुढे ‘आता शुद्ध डिंगो उरलेच कुठे’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी बसलं.

व्हिक्टोरियाचा १९७५ चा वन्यजीव कायदा डिंगोला इथला वन्यप्राणी मानतो आणि त्याला संरक्षण देतो. १९८८ च्या वनस्पती व प्राणी संरक्षण कायद्याखालच्या संकटग्रस्त यादीतही तो आहे. याउलट १९९४ चा पाणलोट व जमीन संरक्षण कायदा मोकाट कुत्र्यांना आणि डिंगो-कुत्रा संकराला उपद्रवी प्राणी ठरवतो आणि त्यांचा प्रसार रोखण्याची, शक्य तेवढा नायनाट करण्याची जबाबदारी जमीनमालकावर टाकतो. म्हणजे एकाच रानातला एक प्राणी मारला तर गुन्हा, आणि दुसरा मारला नाही तर कर्तव्यात कसूर.

रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात कोणता कोण हे ओळखायचं कसं? तांबूस रंग, पांढरे पंजे, झुबकेदार शेपूट, या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही. काळे, पिवळसर, पट्टेरी डिंगोही असतात. सरकारने यातून काढलेली वाट अशी की, ठरावीक भागांत डिंगोचं संरक्षण तात्पुरतं उठवायचं: खासगी जमिनीवर सगळीकडे, आणि सरकारी जमिनीवर खासगी हद्दीपासून ३ किलोमीटर आतपर्यंत. आदेश मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा काढायचा. अशा रीतीने संकटग्रस्त प्राण्याला रानाच्या पोटात अभय आणि रानाच्या काठावर मरण, अशी विभागणी झाली.

पट्टीचं गणित

तीन किलोमीटर हा आकडा कागदावर समंजस दिसतो. शेताजवळ येणारा मरेल, दूरवरचा जगेल. पण प्राण्याच्या बाजूने बघितलं तर चित्र बदलतं. डोंगरी रानातल्या डिंगोचं फिरण्याचं क्षेत्र १०० चौरस किलोमीटरच्या घरात जाऊ शकतं. ते गोल धरलं तर मध्यापासून कडेपर्यंत साडेपाच किलोमीटरच्या थोडं वर अंतर भरतं. ज्या जोडीची पिल्लं वाढवण्याची जागा पट्टीच्या बरीच आत सुरक्षित भागात आहे, तिच्या फेरफटक्याची कड सहज कुंपणाला टेकते. डिंगो ताशी पाच-सहा किलोमीटरच्या संथ चालीनेही अख्खी पट्टी अर्ध्या-पाऊण तासात ओलांडतो. आपण ज्याला ‘रानाच्या पोटातला’ म्हणून सोडला आणि ‘शेताकाठचा’ म्हणून मारला, तो पुष्कळदा एकच असतो.

दुसरी गोष्ट नकाशा उघडल्यावर दिसते. खासगी दऱ्या रानात बोटांसारख्या घुसलेल्या आहेत. दोन दऱ्यांच्या मधला डोंगर सहा किलोमीटरहून अरुंद असेल तर दोन्हीकडच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि मध्ये अभय असलेली जागाच उरत नाही. ‘फक्त काठावर’ असं म्हणत म्हणत आपण अख्खा डोंगर व्यापतो.

शेतकऱ्यांची तक्रार नेमकी उलटी आहे, आणि तीही खोटी नाही. त्यांच्या मते पट्टीपलीकडचं रान ही पैदाशीची जागा. इथे चार मारावेत तर तिथून आठ उतरतात. पट्टी एका बाजूला अपुरी वाटते, दुसऱ्या बाजूला अति वाटते. दोघांनाही नको असलेली रेघ टिकून राहिली, कारण ती आखायला सोपी होती.

सापळा, विष, बंदूक

पट्टीत काम करणाऱ्या सरकारी माणसाला जुने लोक ‘डॉगर’ म्हणतात. त्याचं कौशल्य वाखाणण्यासारखं असतं. वाटेवरची विष्ठा, पायाने उकरलेल्या खुणा, मूत्राच्या जागा, पंजाचा ठसा कोणत्या दिशेचा, एकटा की जोडी, हे तो सकाळच्या फेरीत वाचतो. मग तो वाटेवर पायात अडकणारा सापळा पुरतो. त्याच्या जबड्यांना रबराचं अस्तर असतं, वर माती चाळून टाकलेली असते, शेजारी वासाचं आमिष असतं. प्राणी अडकला की डॉगर येईपर्यंत तिथेच राहतो. सापळे इतके दूरदूर पसरलेले की रोज सगळे बघणं जमत नाही, म्हणून रानटी कुत्र्यांच्या सापळ्यांसाठी तपासणीची मुदत ७२ तासांपर्यंत वाढवण्याची सवलत राज्याने दिली. तीन दिवस आणि तीन रात्री. मेंढीच्या फाटलेल्या फऱ्याबद्दल वाटणारी कळकळ खरी असेल, तर या तीन रात्रींबद्दलही काही वाटायला हवं, असं मला वाटतं.

विष म्हणजे मुख्यतः सोडियम फ्लोरोअॅसिटेट, तिकडच्या बोलीत नुसतं ‘टेन-एटी’, म्हणजे १०८०. पेशीतली ऊर्जा तयार होण्याची साखळीच ते तोडतं. गंमत अशी की हे विष निसर्गातही आहे: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोलोबियम जातीच्या झुडपांत ते असतं, आणि तिथल्या स्थानिक प्राण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ते पचवण्याची ताकद आली आहे. पूर्वेकडच्या प्राण्यांना ती फारशी नाही. कुत्र्याच्या कुळाला तर अजिबात नाही. मांसाच्या एका आमिषात ६ मिलिग्रॅम असलं तरी पुरतं. भरवशाचा उतारा नाही. शेतकऱ्याचं स्वतःचं केल्पी किंवा कॉली कुत्रं त्या भागातून न्यायचं झालं तर तोंडाला जाळी बांधावी लागते. ठिपकेदार क्वोल हा दुर्मीळ मांसाहारी प्राणी याच रानात राहतो, म्हणून आमिषं उघड्यावर न टाकता जमिनीत पुरायची पद्धत आहे. क्वोल खोल उकरत नाही, कुत्रा उकरतो. कोल्हाही उकरतो, त्यामुळे बरीच आमिषं कोल्ह्यांच्याच पोटात जातात.

आणि बंदूक. २०११ पासून राज्याने रानटी कुत्र्यामागे इनाम लावलं. ते वाढत वाढत १२० डॉलरपर्यंत गेलं. इनामाबद्दल माझं मत चांगलं नाही. इनामासाठी हिंडणारा माणूस सोपी शिकार शोधतो, गाडीरस्त्याच्या कडेला दिसेल त्याला मारतो. मेंढ्यांना चटावलेला जुना, सावध नर तसा कधी सापडत नाही. तो डॉगरला सापडतो, तोही महिनाभराच्या पाठलागानंतर.

मारण्याने मेंढ्यांवरचे हल्ले कमी होतात का? कधी होतात, निश्चित होतात. एखादी जोडी एका शेताला लागली असेल आणि नेमकी तीच पकडली तर त्या हंगामापुरती शांतता मिळते. डोंगरातला कुठलाही मेंढपाळ हे अनुभवाने सांगेल. सरसकट विष पेरण्याबद्दल मात्र असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. डिंगो टोळीने राहतात, वर्षातून एकदाच वितात, आणि टोळीत बहुधा मुख्य जोडीचीच पिल्लं जगतात. ती जोडी मेली तर टोळी फुटते, तरणे प्राणी मोकळी जागा धरायला बाहेरून येतात. क्वीन्सलंडमधल्या गुरांच्या कुरणांवरच्या अभ्यासात काही हंगामांत विष पेरल्यानंतर वासरांचं नुकसान वाढलेलं दिसलं, ते या नव्या, अननुभवी उपऱ्यांमुळे, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा अर्थ सर्वांना मान्य नाही. पण विषाने प्रश्न मिटतो, हे गृहीत धरून दशकानुदशकं खर्च होत राहिला, तेवढा तरी तपास आधी व्हायला हवा होता.

नाव चुकलं होतं

२०२३ मध्ये या प्रकरणाचा पायाच हलला. संशोधकांनी देशभरातल्या ३९१ डिंगोंचा डीएनए नव्या पद्धतीने तपासला. जुनी चाचणी जनुकसंचातल्या २३ खुणा बघायची. नवी १,९५,००० ठिकाणं बघते. जुन्या चाचणीने व्हिक्टोरियातले जेमतेम ४ टक्के प्राणी शुद्ध डिंगो ठरवले होते. नव्या तपासणीत तपासलेल्यांपैकी ८७.१ टक्के शुद्ध निघाले. ज्यांना संकर म्हणून, मोकाट कुत्री म्हणून वर्षानुवर्षं मारलं, ते बहुतांशी तोच प्राणी होते ज्याला १९७५ चा कायदा जपायला सांगतो.

हे शास्त्रीय काम मोठं आहे आणि त्याने सरकारला पवित्रा बदलायला भाग पाडलं. पण इथे शेतकऱ्यांचं म्हणणं मला अगदी रास्त वाटतं: शुद्ध असो की संकर, माझ्या मेंढीला दातांतला फरक कळत नाही. नावावरून फक्त एवढंच ठरतं की मारणाऱ्याला परवानगी कोणी द्यायची. कळपाचं रक्षण कसं करायचं, हे नावाने ठरत नाही. आणि तिथेच धोरण अडखळलं. सगळी चर्चा ‘तो आहे तरी कोण’ यावर झाली, ‘कुंपण कोणी घालायचं’ यावर फारच थोडी.

वायव्य आणि पूर्व

संरक्षण उठवणाऱ्या आदेशाची मुदत १ ऑक्टोबर २०२३ ला संपत होती. सरकारने ती फक्त एका वर्षाने वाढवली. मग २०२४ मध्ये राज्याचे दोन भाग करून दोन वेगळे निर्णय झाले.

वायव्येला मॅली नावाचा वाळूचा, खुरट्या निलगिरीचा प्रदेश आहे. तिथे बिग डेझर्ट आणि वायपरफेल्डच्या रानात डिंगोंची एक वेगळीच, एकाकी पडलेली वस्ती आहे. डीएनएच्या तपासणीत ती देशातल्या चार ओळखता येणाऱ्या गटांपैकी एक ठरली. तिथले मूळ रहिवासी वोट्जोबालुक लोक डिंगोला ‘विल्कर’ म्हणतात. या वस्तीत उरले असतील जेमतेम ४० प्राणी, असा सरकारचाच अंदाज होता, शिवाय आपसातल्या वीणीमुळे वंश दुबळा होत चाललेला. मार्चमध्ये सरकारने तिथला आदेश उठवला. डिंगोला पुन्हा संरक्षण मिळालं. नुकसान होत असेल तर शेतकऱ्याला परवाना मागता येतो, पण आपोआप मारण्याची मुभा गेली.

त्या भागातले मेंढपाळ संतापले. हा निर्णय आपल्याशी न बोलता, जवळजवळ एका रात्रीत झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. संतापाचं कारण समजून घ्यायला हवं: साधन काढून घेतलं त्या दिवशी पर्यायी साधन हातात नव्हतं. कुंपण एका दिवसात उभं राहत नाही. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. ४० प्राण्यांच्या वस्तीवर सापळे लावत राहणं म्हणजे ती संपवणंच. पण क्रम चुकला. आधी कुंपण, मग संरक्षण, असा क्रम असता तर त्याच शेतकऱ्यांपैकी काहीजण तरी बाजूने उभे राहिले असते.

तिथे आणखी एक अडचण आहे, जिचं उत्तर व्हिक्टोरियाच्या हातात नाही. बिग डेझर्टचं रान राज्याच्या सीमेवर थांबत नाही. पलीकडे दक्षिण ऑस्ट्रेलियाचं नारकॅट संरक्षित क्षेत्र लागतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया आपल्या मोठ्या डिंगो कुंपणाच्या आत, म्हणजे मेंढ्यांच्या पट्ट्यात, डिंगोला सरसकट उपद्रवी मानतो. त्या कुंपणाची लांबी ५,६१४ किलोमीटर आहे, क्वीन्सलंडपासून थेट दक्षिणेच्या समुद्रकड्यांपर्यंत. एकाच वाळूच्या टेकडीवर चालणारा एकच प्राणी पूर्वेला जपलेला आणि पश्चिमेला मारायचा.

पूर्वेला उलट झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये डोंगराळ भागातला आदेश १ जानेवारी २०२८ पर्यंत वाढवण्यात आला. तिथली वस्ती धोक्यात नाही, असं कारण. मधल्या काळात न मारता राखण करण्याच्या पद्धतींकडे वळावं, अशी अपेक्षा.

कुंपण, आणि ते मोडणारे

वळायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पहिलं उत्तर कुंपण. डिंगो रोखणारं कुंपण साध्या मेंढीच्या कुंपणासारखं नसतं. जाळी उंच लागते, आणि तिचा खालचा भाग जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरवून ठेवावा लागतो, कारण डिंगो उडी मारण्याआधी खालून उकरून बघतो. विजेची तार जोडली तर भरवसा वाढतो. मॅलीच्या सपाट वाळूवर हे जमण्यासारखं आहे. पूर्वेच्या डोंगरात मात्र प्रत्येक अंगाने कठीण. उभे कडे, ओढ्यांचे पूर, वादळात तारेवर कोसळणारी झाडं. वीस मीटरचं झाड पडलं की तेवढ्या भागातलं कुंपण गेलंच. आणि ते पडल्याचं कळायला सगळी हद्द पायी फिरावी लागते.

आणि वॉम्बॅट. हा बुटका, जाडजूड, बिळात राहणारा प्राणी आपल्या रोजच्या वाटेवर कुंपण आलं की वळत नाही, खालून उकरून पलीकडे जातो. त्याने पाडलेल्या भगदाडातून मागाहून डिंगो येतो. यावर डोंगरातल्या लोकांनीच शोधलेला तोडगा मला फार आवडतो: जिथे वॉम्बॅट उकरतो तिथेच कुंपणात एक जड, झुलतं दार बसवायचं. वॉम्बॅट डोक्याने ढकलून जातो, त्याची वाट त्याला मिळते, म्हणून तो उकरत नाही. डिंगो संशयी; हलणारं जड दार ढकलायला तो धजत नाही. हा तोडगा कुठल्या कार्यालयातून आला नाही, बांधावर बसून वॉम्बॅट बघणाऱ्यांकडून आला.

२०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत व्हिक्टोरियात १५ लाख हेक्टरहून जास्त जमीन जळाली, बहुतेक याच पूर्व भागात. रानाला लागून असलेली कुंपणंही जळाली. बांध नव्याने घालण्याची वेळ आली होती. डिंगो रोखणारं कुंपण सरकारी खर्चाच्या भागीदारीत उभं करायला यापेक्षा चांगली संधी पुन्हा येणार नाही. ती साधली असती, तर २०२८ ची तारीख आज एवढी भीतीची वाटली नसती.

इथल्या लोकांचा सरकारवरचा विश्वास आधीच थोडा. २००५ मध्ये अल्पाइन राष्ट्रीय उद्यानातली उन्हाळी गुरचराई बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गुरं वर नेणारी घराणी होती, त्यांना ते फार लागलं. उंचावरच्या शेवाळी पाणथळांसाठी तो निर्णय आवश्यक होता असं मी मानते. तरी ‘वरचं रान आमच्याकडून घेतलं, आणि आता त्यातून येणाराही आम्हीच सोसायचा’ हे वाक्य तिथून आलंय, हे विसरून धोरण आखता येणार नाही.

रानातलं खाणं

एक गोष्ट या वादात मागे पडते: पूर्वेच्या रानात सांबर आहे. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी आणलेलं आपल्याकडचं सांबर तिथे बेसुमार वाढलं आहे. कोवळी झाडं खातं, पाणथळ तुडवतं. डिंगोंच्या विष्ठेत सांबराचे केस वारंवार सापडतात. तरीही वन्यजीव कायद्यात हरीण ‘शिकारीचा प्राणी’ म्हणून संरक्षित आहे. परक्या हरणाला नियमांचं कवच आणि इथल्या डिंगोला पट्टीत मरण. शिकारी हरीण मारून मांसाचा चांगला भाग नेतात, बाकी धूड रानातच सोडतात, आणि डिंगोंना शेताच्या आसपास आयतं जेवण मिळतं. पट्टीतल्या तीन किलोमीटरमध्ये धूड सोडू नये, एवढा साधा नियम आणि त्याची नीट अंमलबजावणी, हे सरकारला सहज करता येण्यासारखं आहे.

राखणदार

दुसरं उत्तर राखणदार कुत्रं, मुख्यतः इटलीकडचं मरेमा. ते मेंढ्या हाकत नाही. त्यांच्यात राहतं, त्यांना आपलं मानतं, आणि परक्या कुत्र्यावर भुंकत धावून जातं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातल्या १५० पशुपालकांना विचारलं होतं. ६५.७ टक्के म्हणाले, राखणदार आल्यापासून शिकार थांबली. आणखी ३०.२ टक्के म्हणाले, कमी झाली. पशुपालकांनी स्वतः दिलेली ही उत्तरं आहेत, हे लक्षात ठेवून वाचायला हवं. पण मोठ्या, मोकळ्या कुरणांवरही हे जमतं, हे त्यातून दिसलं. फरक सर्वांत जास्त पडत होता तो एका कुत्र्यावर किती जनावरं सोपवली यामुळे. दोन कुत्र्यांवर अख्खं डोंगर-कुरण टाकलं तर जमणार नाही. व्हिक्टोरियाच्याच किनाऱ्यावर, वॉर्नमबूलजवळच्या मिडल बेटावर २००६ पासून मरेमा छोट्या पेंग्विनना कोल्ह्यांपासून राखतात. तेव्हा तिथे दहाहून कमी पेंग्विन उरले होते.

मरेमा आणि १०८० एका रानात नांदू शकत नाहीत. राखणदार तोंडाला जाळी बांधून राखण करू शकत नाही. शेजारच्या शेतावर किंवा पलीकडच्या सरकारी रानात आमिष पुरलेलं असेल तर ज्याने पैसे खर्चून, वर्षभर कष्ट करून राखणदार तयार केलं, त्याचंच कुत्रं मरतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. त्यामुळे ‘ज्याला विष हवं त्याने विष वापरावं, ज्याला कुत्रं हवं त्याने कुत्रं ठेवावं’ हे ऐकायला उदार वाटतं, पण प्रत्यक्षात विष वापरणारा शेजाऱ्याचा पर्याय हिरावून घेतो. एखाद्या दरीतल्या सगळ्या शेतांनी आणि सरकारने मिळून ठरवलं, तरच मरेमा टिकेल. दरी हाच निर्णयाचा घटक हवा. एकेकटं शेत नव्हे, सरळ रेषेतली तीन किलोमीटरची पट्टीही नव्हे.

मला विचाराल तर पूर्वेच्या डोंगरात आता करायच्या गोष्टींचा क्रम असा. एक दरी निवडा. तिथली सरकारी हद्द असलेली सगळी कुंपणं मोजा, आणि त्यांचा अर्धा खर्च सरकारने उचलावा, कायद्यात बंधन नसलं तरी. आमिषासाठी ठेवलेला पैसा त्या दरीपुरता तिकडे वळवा. डॉगरना काढू नका. त्यांच्याइतकं डिंगोला ओळखणारा तिथे कोणी नाही. सापळे लावण्याऐवजी त्यांनी हद्द फिरावी, झाड पडलेलं बघावं, वॉम्बॅटची वाट शोधून दार बसवावं, कोणत्या शेतावर कोणती जोडी येते ते लिहून ठेवावं. एखादा प्राणी कुंपण आणि कुत्रं दोन्ही चुकवून रोज मेंढ्या फाडत असेल तर तो एक प्राणी मारण्याचा परवाना लगेच मिळावा, महिनाभराने नव्हे. आणि त्या दरीत १०८० बंद.

सुरुवातीला वेळ लागेल, आणि वेळेचा हिशेब कडक आहे. मरेमाचं पिल्लू आठेक आठवड्यांचं असताना मेंढ्यांमध्ये ठेवावं लागतं. पहिलं वर्ष ते खोडकर असतं, कोकरांमागे धावतं, कान चावतं. मालकाला रोज लक्ष ठेवावं लागतं. दोन वर्षांचं झाल्याशिवाय त्याच्यावर रात्र सोपवता येत नाही. पूर्वेचा आदेश १ जानेवारी २०२८ ला संपतो. त्या पहाटे बेनाम्ब्राच्या कुरणात जे राखणदार उभं असायला हवं, ते २०२६ च्या सुरुवातीलाच कोकरांच्या गोठ्यात झोपायला लागलेलं असलं पाहिजे.